झोपेची काठी

"काका, मला एवढंच सांगा, गाडी बिघडलीये की बाबा?"

पुतणी दारातच उभी होती. पायात चपला तशाच, एका हातात स्कूटरची चावी. दुसरा हात रिकामा होता, तरी तिने तो असा धरला होता की जणू त्यात काचेची बारीक नळी आहे आणि ती सांडता कामा नये. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर नळ्या हलवायच्या, काचपट्टीवर थेंब पसरायचे आणि संध्याकाळी कागदावर 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं. लहानपणी घरभर तुरुतुरु पळायची म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. चाळिशी उलटली तरी नाव सुटलं नव्हतं.

"आत तरी ये," धाकटा मिस्त्री म्हणाला.

"आत आले की काकू चहा ठेवणार आणि मी रडणार. इथेच बरी आहे."

"चहा कधीच ठेवलाय," आतून काकूंचा आवाज आला. "रडायचंच असेल तर बसून रड. दारात रडलीस तर शेजारीण समजूत घालायला येईल, आणि ती दोन तास उठत नाही."

खारू हसली, आत आली, बसली आणि मग खरोखरच रडली. थोडंसंच, नाक पुसण्यापुरतं.

गोष्ट अशी होती. तिच्या वडलांना, म्हणजे धाकट्याच्या थोरल्या भावाला, सगळे दादा म्हणत. दोघा भावांनी चाळीस वर्षं मिळून गॅरेज चालवलं. ते बंद करूनही आता सहा वर्षं झाली होती. सात महिन्यांपूर्वी दादांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांची जुनी गाडी घरामागच्या शेडमध्ये बंद होती. आता पाय बरा झाला, दादा आधाराशिवाय चालू लागले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी शेडमध्ये जाऊन उभ्या उभ्याच खिडकीतून चावी फिरवली. गाडी सुरूच होईना. बॅटरी ठार उतरली होती. बॅटरीवाला आला, नवी बॅटरी बसवून गेला. जाता जाता, इंजिन बंद असतानाच, त्याने सगळे गिअर टाकून पाहिले आणि गाडी ठणठणीत आहे म्हणाला. मग दादा बसले. इंजिन सुरू झालं, पण गिअर काही पडेना. टाकायला गेलं की आतून दात खाल्ल्यासारखा कर्रकर्र आवाज. तीन दिवस ते सकाळ-संध्याकाळ बसत होते आणि तीन दिवस तो आवाज गल्लीभर ऐकू जात होता. चौथ्या दिवशी त्यांनी चावी खारूच्या हातात दिली आणि म्हणाले, गाडीला काही झालेलं नाही, मीच विसरलो.

"जन्मभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस गिअर टाकायला विसरतो का हो, काका?" खारू म्हणाली. "पण मागच्या महिन्यात त्यांनी मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली. साखरेच्या डब्यात चहापत्ती ओतली. शेगडी चालू ठेवून झोपले. म्हणून म्हणते, मला रिपोर्ट हवाय. दोष गाडीत असला तर बाबा त्या घरात राहतील, हवं तिथे फिरतील, मी चकार शब्द काढणार नाही. बाबांच्यात असला, तर उद्या गिऱ्हाईक येतंय. गाडी देऊन टाकायची आणि बाबांना माझ्याकडे न्यायचं. तिसऱ्या मजल्यावर."

"दादाला विचारलंस? मला बोलावू का म्हणून?"

खारू चहाच्या कपात बघत राहिली. "विचारलं. म्हणाले, जगातला कुठलाही मिस्त्री आण. धाकट्याला आणू नकोस."

धाकट्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्मा स्वच्छच होता.

"राग आला तुम्हाला?"

"राग कसला. बरोबरच आहे त्याचं. मी एकट्याने कधी निदान केलंय?"

हे खरं होतं. गॅरेजातली रीतच तशी होती. गाडी आली की धाकटा आत जाऊन बसे, गिअरच्या दांड्यावर हात ठेवी, डोळे मिटे आणि बराच वेळ गप्प राही. गिऱ्हाइकं त्याला तंद्रीमिस्त्री म्हणत. "उठवा हो त्यांना, गाडी आणलीये मी, पलंग नाही," असं कुणी ना कुणी रोज म्हणे. मग तो डोळे उघडून, चाचरत, घसा खाकरत, काय वाटतं ते सांगे. गाडीखाली पाठीवर पडलेले दादा ते ऐकत आणि म्हणत, "हं." बस्स, एवढंच. पण त्या 'हं'शिवाय धाकट्याने उभ्या आयुष्यात एक बोल्ट सैल केला नव्हता. गॅरेज बंद झाल्यावर भाजी घेतानासुद्धा तो क्षणभर थांबे. काकू 'हं' म्हणत नसत. त्या म्हणत, "घ्या आता. कोबी आहे तो, गिअरबॉक्स नाही."

आताही त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी न बोलता कोनाड्यातली पान्यांची पिशवी काढून त्याच्यापुढे ठेवली.

*

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. खुर्ची अशी वळवून ठेवली होती की मागची शेड दिसू नये.

"कुणी बोलावलं तुला?"

"कुणी नाही. सहज आलो."

"सहज आलेला माणूस पाने घेऊन येत नाही." दादांनी पिशवीकडे पाहिलं आणि मग भावाकडे पाहायचं टाळलं. "गाडीला काही झालेलं नाही, धाकट्या. डॉक्टरने गुडघा नवा बसवला, पण अक्कल जुनीच राहिली. पाय विसरला. उगाच धुळीत लोळू नकोस, तुला शिंका येतात."

"नुसतं बघतो," धाकटा म्हणाला.

धाकटा थोडा वेळ उभा राहिला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण मोठ्या भावापुढे पिशवी हातात घेऊन उभा राहिला की त्याचे खांदे आपोआप आत येत. शेवटी तो मागच्या दाराने बाहेर पडला.

शेड जुनीच होती. पत्र्याला ठिकठिकाणी भोकं पडली होती आणि त्यातून दुपारचं ऊन बारीक दोऱ्यांसारखं खाली उतरलं होतं. मागच्या भिंतीला पलीकडच्या पाण्याच्या टाकीची ओल होती. भिंतीवर शेवाळाचा हिरवा नकाशा पसरला होता. उन्हाच्या त्या दोऱ्यांमध्ये गाडी उभी होती, फिकट निळी, अंगभर धूळ घेऊन. झोपलेल्या माणसाच्या खोलीत शिरावं तसा धाकटा हळूच शिरला. दारही त्याने आवाज न करता उघडलं.

आत बसल्यावर ओळखीचा वास आला. तेल, रेक्झिन, जुना पाऊस आणि कुठेतरी तळाशी वहिनींच्या केसांच्या तेलाचा. वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो वास असणं शक्य नव्हतं, पण आला.

"काका, मी काय करू?" खारूने खिडकीतून विचारलं.

"तू गप्प राहा."

त्याने डोळे मिटले आणि दांड्यावर हात ठेवला.

डोळे मिटले की त्याला गिअरबॉक्स दिसत नसे, एक घर दिसे. लांबट, काळोखं, भिंती तेलाने मऊ झालेल्या. मधून एक बोळ गेलेला आणि बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या. दांडा हलवला की एकेका खोलीचं दार उघडे. बाहेर इंजिनाचा वारा घोंघावत असे, आणि घराला एकच मोठं दार होतं, क्लच. क्लच दाबला की मोठं दार बंद होई, वारा बाहेर राही, बोळात शांतता पसरे, आणि मग हवी ती खोली उघडता येई. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकं आधीच त्याला झोपाळू म्हणत, त्यात आणखी वेडा कशाला म्हणून घ्यायचं?

आता इंजिन बंद होतं. त्याने पहिला टाकला. दार उघडलं. दुसरा, तिसरा, चौथा, सगळ्या खोल्या उघडल्या, अगदी मागे जायच्या गिअरचीसुद्धा. बिजागऱ्या कुरकुरल्या नाहीत. म्हणजे दांडा नीट होता, आतली चाकं नीट होती. बॅटरीवाला इथवर आला होता आणि इथूनच परत फिरला होता.

त्याने दांडा मधे आणला आणि गाडी सुरू केली. शेड थरथरली, पत्र्यावरचं कबूतर उडालं. क्लच तळापर्यंत दाबला, खाली चटई आडवी आलेली नाही ना तेही पाहिलं, आणि पहिल्यासाठी दांडा हलवला.

कर्रर्र.

घरात वारा भरला होता. बोळातून कुणीतरी गरगर धावत होतं. मोठं दार लावलं होतं तरी ते लागत नव्हतं.

खारूने कानांवर हात ठेवले. "हाच. हाच आवाज."

धाकट्याने गाडी बंद केली आणि बॉनेट उघडलं. "आत बस आणि डावं पेडल दाब. हळू. सोड. पुन्हा दाब." तो वाकून बघत होता. पेडलची तार ओढली जात होती, गिअरबॉक्सच्या अंगावरचा छोटा हात पूर्ण पुढे जाऊन मागे येत होता. निरोप पोचत होता. आत कुणी ऐकत नव्हतं.

"खारू, खाली उतर. आता ढकलायचं."

आधी गिअर न टाकता ढकलली. गाडी सहज पुढे सरकली. मग त्याने आत बसून पहिला गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि म्हणाला, "आता ढकल."

खारूने जोर लावला. गाडी जागची हलली नाही. तिने पाय रोवले, खांदा लावला, तोंड लाल केलं. गाडी ढिम्म.

"अहो, ब्रेक तरी सोडा!"

"ब्रेक नाहीये गं लावलेला."

"मग?"

धाकट्याने पायाकडे पाहिलं. क्लच दाबलेला, म्हणजे इंजिन आणि चाकं वेगळी व्हायला हवी होती. ती वेगळी होत नव्हती. इंजिनाच्या जड चाकाला क्लचची प्लेट चिकटून बसली होती. सात महिने, ओल्या भिंतीशेजारी, एकमेकींच्या अंगावर दाबून धरलेल्या दोन गोष्टी गंजाने एक झाल्या होत्या. माणूस पाय दाबून दाबून थकला तरी आता त्या सुटणार नव्हत्या.

त्याने घसा खाकरला. "मला वाटतं," तो म्हणाला आणि थांबला. सवयीने त्याने खाली जमिनीकडे पाहिलं. गाडीखाली कुणी नव्हतं.

"काय वाटतं? काका, रिपोर्ट!"

"प्लेट चिकटली आहे. दादाचा पाय विसरलेला नाही. या गाडीत कुणीही बसलं असतं तरी गिअर पडला नसता."

खारूने बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि मान खाली घातली. तिच्या खांद्यांवर उन्हाचे दोन ठिपके हलत होते. "म्हणजे बाबा बरे आहेत," ती म्हणाली. "बरे आहेत ना? मी त्या गिऱ्हाइकाला फोन करते. आत्ता करते." आणि ती लहानपणीसारखी तुरुतुरु घराकडे पळाली.

*

धाकटा एकटा उरला. त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

चिकटली कशी?

दोघांच्या वडलांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवला होता. गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असली की तिला झोपवायची. झोपवायची म्हणजे सीट आणि क्लचच्या पेडलमधे एक काठी अडकवायची, पेडल दाबलेलं राहील अशी. मग प्लेट आणि चाक एकमेकांपासून सुटी राहतात, ओल आली तरी चिकटत नाहीत. वडलांनी प्रत्येक गाडीसाठी मापाची काठी तासून ठेवली होती, टोकाला पेडलवर बसेल अशी खाच पाडून. नव्या गिऱ्हाइकांना ते सांगत, "नवराबायकोने सुद्धा झोपताना मधे थोडी जागा सोडावी. नाहीतर सकाळी एकानेच उठायची सोय राहत नाही." आई आतून भांडं आपटे.

दादांनी हा नियम कधी चुकवला नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते शेडमध्ये आलेच असणार.

धाकट्याने डिकी उघडली. काठी तिथे होती. हाताच्या घामाने काळी झालेली, खाचेची कड गुळगुळीत. काठी नसती, तर विसरले म्हणता आलं असतं. ऑपरेशनची धास्ती, कोण नाही विसरत?

खारू परत आली होती, चेहरा धुऊन. "फोन केला. चिडला तो, चिडू दे. ही काठी का घेतलीत?"

"ही डिकीत कुणी ठेवली?"

"बॅटरीवाल्याने. पायापाशी अडकवलेली होती, त्याने काढली. सीटसुद्धा पार मागे सरकवलेली होती. बाबा किती कुरकुरले, माझी सीट कुणी मागे केली म्हणून. का हो?"

"काही नाही," धाकटा म्हणाला. "तू दादाला सांगून ये जा. मी आलोच."

ती गेल्यावर तो आत बसला, वाकला आणि पेडलं पाहिली. डाव्या बाजूच्या क्लचचं रबर सपाट होतं, झिजून आरशासारखं झालेलं. मधल्या ब्रेकच्या रबरावर मात्र एक खोल, आडवा वण होता. त्याने काठीची खाच त्यावर टेकवली. खाच वणात बरोब्बर बसली.

काठी मधल्या पेडलवर होती.

ब्रेकचं पेडल क्लचइतकं खाली जात नाही, म्हणून काठी लांब पडली, म्हणून सीट मागे सरकवावी लागली. आणि ब्रेक दाबलेला राहिला, म्हणून बॅटरी उतरली. या जुन्या गाडीत चावी काढून घेतली तरी ब्रेक दाबला की मागचे दिवे लागत.

त्याने डोळे मिटले. त्याला ते दिसलं. दादा शेडचं दार लावून गेलेत. त्यांच्या मनात सकाळचं ऑपरेशन आहे. बंद शेडमध्ये, कुणी बघत नसताना, गाडीच्या मागे दोन लाल दिवे लागले आहेत. ओली भिंत लाल झाली आहे, शेवाळ लाल झालं आहे. दिवे थांब, थांब म्हणताहेत, आणि थांबायला मागे कुणीच नाही. पहाटेपर्यंत ते असेच तेवत राहिले असतील, मग हळूहळू तांबूस, मग विझत्या निखाऱ्यासारखे. तिकडे दादांना भूल दिली असेल, तेव्हा इकडे ते विझले असतील. त्यानंतर सात महिने अंधार, आणि अंधारात प्लेट चाकाला बिलगत गेलेली.

दोष गाडीत होता. आणि तो गाडीत घालणारा हात, डोळे झाकूनही ज्याला पेडलं कळायची, तो दादाचा होता. अर्धा रिपोर्ट त्याने देऊन टाकला होता, त्यावर पोर नाचत गेली होती. उरलेला अर्धा काठीच्या खाचेत होता. तो सांगितला तर उद्या ना परवा तिसरा मजला. नाही सांगितला तर दादा एकटा, शेगडी, रस्ता, आणि कधीतरी चुकीच्या पेडलवर पाय.

इथे कुणीतरी 'हं' म्हणायला हवं होतं.

"काय म्हणते?"

दादा शेडच्या दारात उभे होते. मागे उजेड होता, चेहरा दिसत नव्हता.

धाकट्याने काठी पटकन सीटखाली सरकवली. "प्लेट," तो म्हणाला.

"सोडवायची कशी, आठवतंय?"

"गिअरमध्ये ठेवूनच सुरू करायची. क्लच दाबून मैदानावर फिरवायची, आणि रेस कमीजास्त करत राहायची. झटके बसून सुटते कधीतरी. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवायचा."

"मग सरक तिकडे," दादा म्हणाले.

खारू मागून धावत आली. "बाबा, तुम्ही नाही हं! काका चालवतील."

"तुझे काका वळणावर कविता करतात. त्यांना चालवायला दिली तर सुटायच्या आधी पेट्रोल संपेल."

खारूने धाकट्याकडे पाहिलं. तिला अजून अर्धाच रिपोर्ट ठाऊक होता, आणि ती उरलेला भाग जणू त्याच्या चेहऱ्यावर शोधत होती. धाकटा बाजूच्या सीटवर सरकला. मग तो म्हणाला, "चावीवर माझा हात राहील. काही वाटलं की बंद करेन. बंद केली की गाडी जागच्या जागी थांबते, गिअरमध्येच असते ना."

तिने चावीकडे पाहिलं, मग वडलांच्या गुडघ्याकडे. "एकच फेरी," ती म्हणाली.

*

शेडला लागून मोकळं मैदान होतं. कधीकाळी तिथे विटा करत; आता नुसतं वाळकं गवत आणि कडेला चार झाडं. गाडी ढकलत तिथे आणली, इंजिन आधी वीस मिनिटं तापवलं, बंद केलं, दुसरा गिअर टाकला. दादांनी चावी फिरवली तशी गाडी अडखळली, उसळली आणि सुरू होताहोताच चालू लागली, झोपेत चालणाऱ्या माणसासारखी.

धाकट्याचा हात चावीवर होता. नजर खाली, दादांच्या पायांवर.

पाय सगळं जाणत होते. डावा नवा गुडघा क्लचवर घट्ट, उजवा पाय रेसवर खाली-वर, खाली-वर. गाडी पुढे झेपावे, मागे कचके, पुन्हा झेपावे. एक फेरी झाली. खारूने हात वर केला. दादांनी पाहिलं नाही, आणि धाकट्याने चावी फिरवली नाही. दुसरी झाली. ऊन कलतं झालं होतं, गवताचं पिवळं आणि आकाशाचं पिवळं एकमेकांत मिसळलं होतं, आणि ती फिकट निळी गाडी त्यात गोल गोल पोहत होती. झाडं येत होती, जात होती, तीच चार झाडं. धाकट्याला वाटलं, आपण किती वर्षांचे आहोत? वडील कुठेतरी झाडाखाली उभे असतील, पंच्याला हात पुसत.

पाचव्या फेरीला खालून 'टक्' झालं.

फारच छोटा आवाज, सुपारी फुटल्यासारखा. एकदम इंजिन मोकळं किंचाळलं, गाडी हलकी झाली आणि स्वतःच्या वेगात घरंगळत राहिली. मोठं दार लागलं होतं. घरात शांतता झाली. दादांनी दुसऱ्यातून तिसरा टाकला, तिसऱ्यातून पुन्हा दुसरा. लोण्यात बोट जावं तसा दांडा गेला.

त्यांनी गाडी झाडाखाली थांबवली, पण बंद केली नाही.

"काठी कुठे सापडली?"

"डिकीत."

"ते नाही विचारत. लावलेली कुठे होती?"

धाकट्याने समोरच्या काचेतून पाहिलं. "क्लचवर," तो म्हणाला.

"चाळीस वर्षांत तुला एकदा तरी खोटं बोलायला जमलंय का?" दादा म्हणाले. "बॅटरी उतरलेली दिसली तेव्हाच मनात चर्र झालं. मग सीट. तिसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन गेलो आणि रबरावरचा वण बघितला. प्लेट चिकटलीये हे मला पहिल्या कर्रकर्रलाच कळलं होतं, मी काय बॅटरीवाला आहे? पण प्लेट म्हटलं असतं तर चिकटली का, हे आलं. आणि तू आला असतास तर ते तुला कळलंच असतं. म्हणून म्हटलं पाय विसरला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा पाय विसरला तर लोक दया करतात. हे..." त्यांनी कपाळाला बोट लावलं.

शब्द शोधण्यातच धाकट्याचं आयुष्य गेलं होतं आणि वेळेवर एक सापडत नसे. मग त्याने गॅरेजात रोज करायचा तेच केलं. घसा खाकरला, आणि चाचरत म्हणाला, "मला वाटतं, दादा, पाय अजून पक्का आहे. हात पक्का आहे. पण गाडी झोपवताना, शेगडी विझवताना, असं एकट्याने करायचं काम आता एकट्याने करू नये. आणि कुणीतरी तपासावं. गाडी तपासतो तसं, आधी बंद ठेवून, मग चालू करून. असं मला वाटतं. चुकतही असेन."

दादा गवताकडे पाहत होते. वाऱ्याने ते एका बाजूला झुकलं, सावकाश उठलं.

"हं," दादा म्हणाले.

खारू धावत येत होती, एक चप्पल गवतात राहिली होती. खिडकीशी येऊन तिने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. "सुटली ना? मी तिथून ऐकलं! मग असे का बसलात?"

"तुझ्या काकांनी तुला अर्धाच रिपोर्ट दिलाय," दादा म्हणाले. "उरलेला मी सांगतो. ती काठी दे रे इकडे."

धाकट्याने सीटखालून काठी काढून दिली. दादांनी तिची खाच मधल्या पेडलवर टेकवून दाखवली, मग मागचे दिवे कसे लागतात ते सांगितलं, मग सीटचं. एखाद्या गिऱ्हाइकाला समजावावं तसं, काही न वगळता. खारू ऐकत होती. तिचा रिकामा हात पुन्हा तसाच झाला होता, नळी धरल्यासारखा.

"सोमवारी तुझ्या नळ्यांत माझं रक्त घे," दादा म्हणाले. "डॉक्टरांना डोकंही बघू दे. काय निघायचं ते निघू दे. तोवर तिसरा मजला नको. मला जिने दाखवून घाबरवू नकोस."

"आणि गाडी?" ती कशीबशी म्हणाली.

दादांनी दार उघडलं. जुना गुडघा आधी बाहेर, मग नवा. वळसा घालून ते पलीकडच्या बाजूला आले आणि भावाला म्हणाले, "ऊठ, मागे बस. ही माझी जागा." मग लेकीला, "बघतेस काय? बस. डावा पाय डाव्या पेडलवर. डावा, डावा. मधलं तुझ्या बापाने वापरून झालंय."

खारू रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. तिने सीट पुढे ओढली, डोळे पुसले, पेडल दाबलं आणि दांडा हलवला.

कर्रर्र.

"पूर्ण दाब. तळ लागेपर्यंत. घाई नाही."

मागच्या सीटवर धाकटा काठी मांडीवर आडवी घेऊन बसला होता. त्याने डोळे मिटले. लांबट घर, तेलाने मऊ झालेल्या भिंती. मोठं दार हळूहळू लागत होतं, वारा कमी होत होता, बोळाच्या टोकाशी पहिली खोली.

"हं," पुढून दादांचा आवाज आला, आणि गाडी हलली.